पोराला बोर्डिंगला घालायचंय? आधी दहावी-बारावीचा शिक्का कुठल्या राज्याचा ते बघा

दिवाळी सरली की माझा फोन वाजायला लागतो. बेळगावात मराठी शाळेत २६ वर्षं शिकवलं, त्यामुळं जुने विद्यार्थी, त्यांचे भाऊबंद, खानापूर-निपाणीकडचे पाव्हणे, सगळ्यांचा प्रश्न एकच, "बाई, पोराला आठवीपासून बाहेर घालायचं म्हणतोय, कुठलं बोर्डिंग चांगलं?" निपाणीहून हायवेनं बेळगावला येताना दोन्ही बाजूचे बोर्ड बघा की, घोड्यावर बसलेलं पोरगं, निळा स्विमिंग पूल, आणि खाली मोठ्या अक्षरात अॅडमिशन ओपन. आईबापाला वाटतं आपल्या पोराला पण हे मिळायला पाहिजे, आणि त्यात चूक काहीच नाही.

पण कुठलं चांगलं हे मी फोनवर सांगत नाही, कारण आपण सीमाभागातली माणसं, पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या आईबापाला जो हिशोब करावा लागत नाही तो आपल्याला करावा लागतो. शाळा कशी आहे हे तर बघायचंच, पण ती कुठल्या राज्यात आहे आणि आपलं मूल तिथं कितवी ते कितवी शिकणार हे त्याच्याइतकंच मोठं आहे. आमच्या घरात हे उशिरा कळलं, तो किस्सा पुढं सांगते.

बोर्डिंग म्हणजे नक्की काय

आमच्या आजोबांच्या पिढीला बोर्डिंग म्हटलं की वेगळंच काहीतरी डोळ्यासमोर यायचं. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्यामागोमाग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, आणि पुढं कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ ला बोर्डिंग सुरू करून सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली. खेड्यातल्या गरीब पोराला शहरात राहून शिकता यावं म्हणून ती सोय होती. शाळा वेगळी, राहायची जागा वेगळी.

आता ज्याला बोर्डिंग स्कूल म्हणतात त्यात शाळा आणि राहणं एकाच आवारात असतं, मुलाचे चोवीस तास शाळेच्या ताब्यात. ह्यातल्या बऱ्याचशा खाजगी विनाअनुदानित, म्हणजे सरकार पगाराला पैसे देत नाही, सगळा खर्च फीतून निघतो. पाचगणीच्या शाळा बहुतेक ह्याच, तिथली संजीवन विद्यालय १९२२ पासून चालू आहे. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरजवळ कृष्णमूर्ती फाउंडेशनची सह्याद्री स्कूल आहे, तिची रीत अगदी वेगळी, स्पर्धेचा ताण मुद्दाम कमी ठेवलेला.

सरकारी निवासी शाळा पण विसरू नका. आपल्याच जिल्ह्यात चिकोडी तालुक्यात कोथळीला नवोदय आहे, बेळगावात राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे (तिथल्या बहुतांश जागा सैनिकांच्या मुलांसाठी असतात), कित्तूरला १९६९ पासून मुलींची राणी चन्नम्मा सैनिक शाळा आहे, विजयपूरला १९६३ पासून सैनिक स्कूल. पण नवोदयचा मुख्य प्रवेश सहावीला, सैनिक स्कूलचा सहावी आणि नववीला, आणि परीक्षा देऊनच. मूल सातवी-आठवीत गेल्यावर आईबाप जागे होतात तोवर सहावीची गाडी गेलेली असते, म्हणून मग खाजगीचा विचार सुरू होतो. नववीची परीक्षा मात्र अजून हातात असते ते लक्षात ठेवा.

बोर्ड हा शब्द पण एकदाच नीट समजून घेऊया. बोर्ड म्हणजे दहावी-बारावीची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारं मंडळ. कर्नाटकाचं स्वतःचं, महाराष्ट्राचं स्वतःचं, आणि सीबीएसई-आयसीएसई देशभर चालणारी. खूप जणांना वाटतं पोरगं सीबीएसईला घातलं म्हणजे राज्याचा प्रश्नच मिटला. तो मिटत नाही. शाळा कुठल्या जमिनीवर उभी आहे हे मोजलं जातं, बोर्ड कुठलं का असेना.

शिक्का कुठल्या राज्याचा

माझा भाचा खानापूरचा. सातवीपर्यंत गावात शिकला, आठवीला महाराष्ट्रातल्या एका निवासी शाळेत घातला, तिथंच बारावी केली. शाळा चांगली होती, तक्रार काही नाही, पोरगं धीट झालं, इंग्रजी सुधारलं, मार्क पण चांगले. बारावीनंतर मेडिकलचे फॉर्म भरायला बसलो आणि कर्नाटकाच्या कोट्यात त्याचं नाव बसेना. घर खानापुरात, रेशनकार्ड खानापूरचं, बापाची शेती खानापुरात, सात पिढ्या इथल्या, तरी बसेना.

त्याचं कारण असं. कर्नाटकात सीईटीच्या सरकारी जागांसाठी जो नेहमीचा नियम आहे त्यात दोन गोष्टी लागतात. पहिली ते बारावीपर्यंत कमीत कमी ७ वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात शिक्षण, आणि शिवाय दहावी किंवा बारावी, दोन्हीतली एक तरी परीक्षा कर्नाटकातून पास. भाच्याची ७ वर्षं भरत होती, पहिली ते सातवी. पण दहावी पण महाराष्ट्रातली आणि बारावी पण महाराष्ट्रातली, म्हणजे दुसरी अट गेली. ह्याशिवाय दुसरी कलमं आहेत, उदाहरणार्थ आईबापातल्या एकानं कर्नाटकात ७ वर्षं शिक्षण घेतलेलं असलं तर, पण त्यात मुलाची अकरावी-बारावी कर्नाटकात झालेली लागते, ती पण नव्हती.

मग महाराष्ट्राकडं वळलो. तिथं मेडिकलच्या राज्य कोट्याला दहावी-बारावी महाराष्ट्रातली लागते ती होती, पण डोमिसाईल पण लागतं, म्हणजे महाराष्ट्राचा कायमचा रहिवासी असल्याचा दाखला, आणि हॉस्टेलात पाच वर्षं राहून तो मिळत नाही. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तिकडं वेगळी सोय असते हे आम्हाला कळलं तेव्हा कागदपत्रांची तारीख उलटून गेली होती. इकडचा पण नाही आणि तिकडचा पण नाही, अशी त्या पोराची गत झाली, आणि त्याच्या आईचं ते रडणं मला अजून आठवतं. शेवटी खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगला गेला.

हे सगळं आठवीत अॅडमिशन घेताना एका संध्याकाळी बसून बघता आलं असतं. तोच भाचा दहावी करून परत येऊन पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, बेळगावात केला असता तर? पहिली ते सातवीची ७ वर्षं आणि बारावी कर्नाटकातली, दोन्ही अटी पुऱ्या. म्हणजे बोर्डिंगला घातलं ही चूक नव्हती, परत कधी आणायचं हे ठरवलं नाही ती चूक झाली.

सीमाभागाची सोय काय ते पण सांगते, कारण आपल्यातल्याच कितीतरी जणांना माहीत नसतं. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो त्या वादग्रस्त भागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात वेगळा गट आहे, त्याला टाइप ई म्हणतात, मेडिकलला पण सीमाभागाचं आरक्षण आहे. टाइप ई मध्ये दहावी-बारावी सीमाभागातल्या संस्थेतून झाली का हे विचारतात, आणि सीमाभागाचा एक दाखला, मराठी मातृभाषेचा एक दाखला असे कागद लागतात. म्हणजे पोराला लांब कुठंतरी घालून ही सोय पण आपणच बारीक करून घेतो. त्या-त्या वर्षीचं माहितीपुस्तक सरकारी साइटवर मोफत मिळतं, ते उघडून पात्रतेचं पान घरात मोठ्यानं वाचा.

एनआयटीचं आणखी वेगळं. तिथं निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात, आणि राज्य ठरतं बारावी कुठून पास झालात त्यावरून, घर कुठं आहे ते बघतच नाहीत. बारावी कर्नाटकातली असली तर सुरतकलला होम स्टेट, महाराष्ट्रातली असली तर नागपूरला. आयआयटीला आणि नीटच्या १५ टक्के ऑल इंडिया जागांना ह्यातलं काहीच लागू नाही. पण सगळीच पोरं तिथवर पोचत नाहीत, बहुतेकांचं भविष्य राज्याच्या कोट्यावरच उभं असतं.

कितवीत घालायचं

खानापूरकडं भात दोन रीतीनं करतात. एक धूळवाफ पेरणी, बी जिथं पडलं तिथंच वाढतं. दुसरी लावणी, तरवा एका जागी वाढवायचा आणि मग उपटून दुसऱ्या वावरात लावायचा. लावणीचं भात जोमात येतं हे खरं, पण तरवा फार कोवळा असला तर चिखलात बसतो आणि फार जून झाला तर मूळ धरत नाही. बोर्डिंग म्हणजे लावणी आहे. उपटल्यावर रोप पहिले काही दिवस पिवळं पडतंच, त्याला घाबरायचं नाही.

आठवीत जायच्या वेळेला, म्हणजे साधारण १३ व्या वर्षी घातलं तर रुळायला दीड-दोन वर्षं मिळतात. नववीत जरा घाई होते पण जमतं. दहावीला घालू नका. सीबीएसईत नववीलाच मुलाचं रजिस्ट्रेशन होतं आणि विषय ठरतात, मधेच दहावीला नवीन शाळेत घ्यायचं तर आईबापाची बदली वगैरे ठराविक कारणंच चालतात. अकरावी-बारावीचं पण तसंच, ती जोडी फोडायची नाही. आणि अकरावीला घालणार असाल तर ते बोर्डिंग आहे की नीट-जेईईचा क्लास आणि वर झोपायची सोय, ते आधी स्वतःशी स्पष्ट करा. दुसऱ्याला पण जागा आहे, मी नावं ठेवत नाही, पण तिथं घोडा आणि स्विमिंग पूल शोधू नका, दिवसाचे बारा-चौदा तास अभ्यासच असतो.

"घरात ऐकतच नाही, मोबाईल सोडत नाही, म्हणून घालायचंय"

हे मला दर दुसऱ्या फोनवर ऐकायला मिळतं. बापाच्या आवाजात थकवा असतो, तो मला समजतो. पण शिक्षा म्हणून पाठवलेलं मूल तिथं पण शिक्षा म्हणूनच राहतं. मोबाईल काढून घेतल्यावर दोन महिने शांत दिसेल, मे महिन्यात घरी आलं की एका आठवड्यात पहिल्यासारखं. ज्याला स्वतःला जायचंय, निदान अर्धं मन तरी आहे, तेच पोरगं तिथं फुलतं. म्हणून माझा हट्ट असतो, शाळा बघायला मुलाला घेऊन जा, तिथल्या पोरांबरोबर जेवू दे, आणि परतीच्या एसटीत त्याला विचारा, आपण बोलू नका.

उलट बाजू पण आहे. घरात भांडणं आहेत, आईवडील दोघं दिवसभर कारखान्यावर किंवा दुकानात आहेत, गावात दहावीनंतर शिकणारं कुणी आसपास नाही, अशा घरातल्या मुलाला बोर्डिंगनं खरंच हात दिलेला मी बघितलाय. तिथं सकाळी उठायची वेळ ठरलेली, खेळ रोज, वाचनाला तास, आणि बरोबरीनं शिकणारी पन्नास पोरं. हे एकट्या घराला जमत नाही.

भाषेचं कसं करायचं

आपली मुलं चार भाषांत वाढतात, ही मोठी पुंजी आहे, ती मधेच मोडू नये. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं सगळ्या शाळांत, सीबीएसईत पण, कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं मराठी तशीच. म्हणजे विजयपूरकडं घातलं तर मराठी लिहिणं सुटतं आणि पाचगणीला घातलं तर कन्नड सुटतं. कन्नड सुटलं तर काय बिघडलं असं म्हणणारे आहेत, पण उद्या त्याच मुलाला कर्नाटक सरकारची नोकरी हवी झाली तर केपीएससीला कन्नडचा पेपर पास व्हावाच लागतो. सुट्टीत घरी आलं की रोज एक पान, जी भाषा सुटलीय तिच्यातलं, एवढं केलं तरी हात राहतो.

मराठी माध्यमातून थेट इंग्रजी माध्यमाच्या बोर्डिंगला जाणाऱ्या मुलाची अडचण वेगळी. त्याला प्रकाशसंश्लेषण पाठ असतं आणि समोर फोटोसिंथेसिस येतं. हुशार पोरं पहिल्या चाचणीत नापास होतात आणि आपण ढ आहोत असं धरून बसतात. जाण्याआधीच्या एप्रिल-मे मध्ये विज्ञान-गणिताची इंग्रजी पुस्तकं आणून नुसते शब्द ओळखीचे करून घ्या, धडे शिकवायची गरज नाही.

पैसे

खाजगी बोर्डिंगची फी वर्षाला लाखाच्या आसपासपासून दहा लाखांच्या वर कुठंही असू शकते. मला आकड्यापेक्षा आकड्यात काय नाही त्याची काळजी. युनिफॉर्मचे चार-पाच प्रकार, धोबी, ट्रिप, डॉक्टर, पहिल्या वर्षीचं डिपॉझिट, आणि सुट्टीला आणायला-सोडायला जाणं, पाचगणी बेळगावपासून अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. आपल्याकडं उसाचं बिल वर्षातून एकदा आणि तेही उशिरा येतं, फीचा हप्ता मात्र जूनला तयार. म्हणून एका वर्षाची फी विचारू नका, बारावीपर्यंतची सगळी मिळून किती आणि दरवर्षी किती वाढते ते विचारा. महाराष्ट्रात २०११ चा फी नियंत्रण कायदा आहे, त्यात पालकांच्या समितीपुढं फी ठेवावी लागते आणि ठरलेली फी दोन वर्षं टिकते, त्या समितीत कोण आहे ते पण विचारा. मूल मधेच काढलं तर काय परत मिळतं हे लिहून घ्या. इन्कम टॅक्समध्ये जुन्या पद्धतीत वजावटीला फक्त ट्यूशन फी धरतात, हॉस्टेल-जेवण धरत नाहीत, त्यामुळं पावती वेगळी मागा.

जमीन विकून किंवा सोसायटीचं कर्ज काढून आठवीला घालू नका, असं मी तोंडावर सांगते. ते पैसे पुढच्या कॉलेजला लागणार आहेत.

बघायला गेल्यावर काय बघायचं

स्थळ बघायला गेल्यावर आपण दिवाणखाना बघून परत येतो का? मागच्या दारानं स्वयंपाकघरात डोकावतो, शेजारीपाजारी विचारतो. इथं तर पोटचं पोरगं ठेवायचंय. ऑफिसातला व्हिडिओ राहू दे, संडास-बाथरूम बघा, पावसाळ्यात कपडे कुठं वाळतात बघा, पाचगणी-महाबळेश्वरच्या पावसात हे सोपं नाही. रात्री दोन वाजता ताप चढला तर मुलानं कुणाचं दार वाजवायचं, तो माणूस कुठं झोपतो, गाडी कुणाकडं असते, जवळचं हॉस्पिटल किती लांब, हे वॉर्डनलाच विचारा आणि तो किती पटकन सांगतो ते बघा. घरी फोन किती वेळा आणि बोलताना शेजारी कुणी उभं असतं का? शाळेच्या मान्यतेचा नंबर बोर्डाच्या साइटवर तपासा, बोर्डिंग जुनं आहे पण दहावीची मान्यता अजून यायची आहे असं पण असतं.

एक प्रश्न मात्र कधीच चुकवू नका. तीन वर्षांपूर्वी आठवीला किती मुलं घेतली होती आणि त्यातली किती दहावीला बसली? ह्या एका आकड्यात जेवण, मारहाण, रॅगिंग, शिक्षक टिकतात की नाही, सगळं येतं.

मारायला कायद्यानं बंदी आहे, शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात ते स्पष्ट लिहिलंय, मानसिक त्रास पण त्यात येतो. मुलगा असो मुलगी असो, लैंगिक छळ झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याखाली शाळेला पोलिसांना कळवावंच लागतं, आम्ही आतल्या आत मिटवतो असं म्हणता येत नाही. मुलीच्या आईला मी सगळं विचारायला सांगते, पण मुलाच्या आईनं पण तेवढंच विचारावं, मुलग्यांना काही होत नाही हा समज खोटा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर पाठ करून घ्या, आणि घरातला एक शब्द ठरवून ठेवा. आमच्यात कुंदा हा शब्द होता, म्हणजे आपली बेळगावची मिठाई. फोनवर मुलगी म्हणाली "आई, कुंदा खायचाय" की समजायचं, उघड बोलता येत नाही, येऊन भेट.

आणि नाहीच रमलं तर

माझी मुलगी आठवीला गेली. पहिला महिना रोज रडायची, मी पण इकडं रडायचे. गणपतीला आणली तेव्हा परत जायला तयार नव्हती, तरी पाठवली, आणि दिवाळीपर्यंत रुळली. पण नववीच्या सुरुवातीला कुंद्याचा फोन आला. मी रात्रीच्या गाडीनं गेले. मोठ्या मुलींचा त्रास होता, शाळेनं ऐकून घेतलं, खोली बदलली, त्रास थांबला. तरी तिनं वर्षाअखेर घरी यायचं म्हटलं आणि आम्ही आणली. नववी पूर्ण करून आली, तिकडं पण राज्य बोर्डाचीच शाळा होती, त्यामुळं इथं दहावीला घेताना बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला बऱ्याच चकरा झाल्या. राज्य बदललं की टीसीवर तिकडच्या शिक्षण खात्याची सही लागते, ती न घेता आलात तर पुन्हा अडीचशे किलोमीटर. आठवीपर्यंत शाळेला टीसी अडवता येत नाही, मागितला की लगेच द्यायचा असा नियम आहे. कर्नाटकातला मुलाचा सॅट्स नंबर, म्हणजे शिक्षण खात्याच्या नोंदीतला विद्यार्थ्याचा नंबर, जुन्या शाळेतून लिहून आणून कपाटात ठेवा, परत येताना पहिल्यांदा तोच विचारतात.

ती दोन वर्षं वाया गेली का असं मला लोक विचारतात. ती स्वतः म्हणते नाही गेली. आज ती एकटी कुठल्याही गावात जाऊन राहते, आणि दहावी-पीयूसी बेळगावात केल्यामुळं सीईटीला तिची ७ वर्षं आणि दोन्ही शिक्के इथलेच भरले, खिडकीवरच्या माणसानं कागद उलटून बघितले आणि पुढं सरकवले.